तारेला हात न लावताही

मुंबई-नागपूर आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य लोहमार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातात. सेवाग्राम, पुलगाव, हिंगणघाट ही स्थानके आता ‘अमृत भारत’ योजनेत आली आहेत. रूप पालटेल, पण डोक्यावरच्या तारेत वीज तीच राहील: २५,००० व्होल्ट. आपल्या घरात असते २३०.

या विजेने भाजलेला रुग्ण बहुधा तरुण मुलगा असतो, फोटोसाठी उभ्या मालगाडीवर चढलेला. त्याने तारेला हातही लावला नव्हता, असे आई रडत सांगते. ते खरेही असू शकते. तार रुळापासून जेमतेम साडेपाच मीटरवर असते. वॅगनवर उभे राहिले की डोके तिच्याजवळ पोचते आणि वीज हवेतूनच झेपावते. म्हणून दोन मीटरच्या आत जायचे नाही, असा नियम आहे.

कातडीवरची जखम कधीकधी लहान दिसते. नातेवाईक निश्चिंत होतात, आम्ही नाही. वीज आतून स्नायू जाळत जाते. मेलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. हृदयाचे ठोके बिघडतात. हात किंवा पाय कापावा लागतो, तेव्हा घरच्यांना समजावणे फार कठीण जाते.

असा अपघात दिसला तर धावत जाऊन ओढू नका. कोरडी काठीसुद्धा इथे भरवशाची नाही. स्टेशन मास्तरला किंवा १३९ वर कळवा. वीज बंद झाल्याचे रेल्वेने सांगितल्यावरच जवळ जा. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा, १०८ बोलवा. जखमेवर स्वच्छ कोरडे कापड टाका. टूथपेस्ट, हळद काही नको.