उसाच्या फडांतील जुलूम : तो ओळखावा कसा, आवरावा कसा

दसरा उलटला कीं बीड जिल्ह्यांतील बालाघाटाच्या कुशींत वसलेल्या गांवांतून एक निराळीच धांदल सुरू होते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांत शेती पावसाच्या लहरीवर चालते, आणि पुष्कळ घरांचें पोट मात्र दूरच्या जिल्ह्यांतील उसावर चालतें. ट्रकवर व ट्रॅक्टरच्या गाड्यांवर तवा, घागर, ताडपत्री, पिठाचें पोतें आणि पेंगुळलेलीं मुलें चढतात. मागें राहतात तीं बहुधा म्हातारीं माणसें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणें, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडील कर्नाटक येथील साखर कारखान्यांच्या मार्गास लागलेलीं हीं कुटुंबें उन्हाळा चढला म्हणजे परततात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट इतकी रुळली कीं तिच्याविषयीं कोणास नवल वाटेनासें झालें.

कामाच्या ठिकाणची हिंसा असे शब्द कानीं पडले म्हणजे सुशिक्षित मनापुढें गिरणींतील मारामारी, कचेरींतील उर्मट वरिष्ठ, फार तर एखाद्या इस्पितळांत डॉक्टरांवर झालेला हल्ला उभा राहतो. उसाचा फड हेंही कामाचेंच ठिकाण आहे, ही गोष्ट चटकन ध्यानांत येत नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें जून २०१९ मध्यें जिनीव्हा येथें १९० क्रमांकाचा जो करार संमत केला, त्यांत या हिंसेची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक हानि करणारें, अथवा तशी हानि होण्याचा संभव असलेलें वर्तन, इतकेंच नव्हे तर तशा वर्तनाची नुसती धमकीसुद्धां, एकदां घडो वा वारंवार घडो, ती हिंसाच होय. कामावर जाण्यायेण्याची वाट आणि मालकानें दिलेली राहण्याची जागा हींही त्या करारानें कामाच्या जगांतच मोजलीं आहेत. योगायोग असा कीं त्याच महिन्यांत मुंबईस विधिमंडळांत बीडच्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न गाजत होता.

त्या व्याख्येंतील आर्थिक हानीचा शब्द येथें आधीं घ्यावा लागतो, कारण फडांतील बहुतेक जुलमाची मुळी पैशांत आहे. कारखाना वाहतूकदारास पैसा देतो, वाहतूकदार मुकादमास देतो, आणि मुकादम जोडप्यास हंगामापूर्वींच उचल देतो. ही उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या घरांत, कधीं त्याहूनही पुढें जाते. मुलीचें लग्न, दवाखाना, जुनें देणें यांत ती गाडी निघण्यापूर्वींच संपून गेलेली असते. पुढें टनामागें ठरलेल्या दरानें मजुरी मांडली जाते व ती उचलींतून वळती होते. हंगामाच्या अखेरीस कांहीं बाकी राहिली तर ती पुढल्या वर्षावर जाते, आणि बाकीबरोबर माणूसही जातो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’, अशी या व्यवहाराची गणती आहे. माणसाचें नांव हत्याराच्या नांवांत बुडून जावें, आणि तें कोणास खटकूं नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यांतही स्त्रीचें नांव मुकादमाच्या वहींत बहुधा नसतेंच. ती पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडींत चढवते. रात्रीं अपरात्रीं ट्रक आला तर पुन्हां उठते. तिच्या श्रमाचा हिशेब मात्र नवऱ्याच्या नांवावर होतो.

एक दिवस काम चुकलें कीं ‘खाडा’ पडतो. मजुरी बुडते ती बुडतेच, वर पांचशें रुपये किंवा अधिक दंड मांडला जातो. ताप, बाळंतपण, पाळी, कोणतेंही कारण खाड्यास पुरेसें मानलें जात नाहीं. हा दंड म्हणजे कोणीं कोणाच्या थोबाडींत मारलेली नसते, म्हणून त्यास हिंसा म्हणण्यास पुष्कळांची जीभ अडखळते. परंतु त्याचा परिणाम काय झाला तें पाहावें.

जून २०१९ मध्यें राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीं विधिमंडळांत सांगितलें कीं बीड जिल्ह्यांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढें विधान परिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत, हें प्रमाण देशभर सुमारें तीन टक्के होतें. दोन्हीं पाहण्यांचे वयोगट अगदी सारखे नसतील, तरीही अंतर डोळ्यांत भरण्याजोगें आहे.

या स्त्रियांना कोणीं हातपाय बांधून शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजविलें नव्हतें, असा बचाव तेव्हां ऐकूं येई. तो अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. फडाजवळच्या कोपींत न्हाणीघर नाहीं, शौचकूप नाहीं, स्वच्छ पाणी दूर. त्यामुळें अंगावरून जाणें, ओटींत दुखणें असे विकार जडतात. डॉक्टरकडे गेलें तर औषधाऐवजीं पिशवी काढण्याचाच सल्ला मिळे, आणि न काढल्यास कर्करोग होईल ही भीति घातली जाई. पिशवी गेली कीं पाळी गेली, पाळी गेली कीं खाडा गेला, असा हिशेब तीस-पस्तीस वर्षांच्या बाईच्या मनांत उभा राहिला तर तो तिचा मोकळा निर्णय म्हणतां येईल काय? शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यास पुन्हां उचल घ्यावी लागे, तें निराळेंच. या गवगव्यानंतर बीडमध्यें खाजगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचें बंधन घालण्यांत आलें. उपाय योग्यच होता; परंतु त्यानें दवाखान्याचें दार राखलें, फडांतील खाडा तसाच राहिला.

मुकादम हा या गोष्टींतील एकटाच राक्षस आहे असें समजणें मात्र सोपें आणि चुकीचें होईल. पुष्कळसे मुकादम एके काळीं स्वतःच कोयता चालवीत होते. वाहतूकदारानें घर, ट्रॅक्टर गहाण ठेवून पैसा दिलेला असतो. टोळी फडावर आलीच नाहीं, किंवा अर्ध्या हंगामांत पळाली, तर तो बुडतो. मग मुकादमास पळवून नेणें, मजुरांस डांबून ठेवणें, बाकी फिटेपर्यंत घरचें एखादें माणूस अडकवून ठेवणें असे प्रकार घडतात. वाहतूकदारांसही मुकादमांनीं लाखों रुपयांस फसविल्याच्या तक्रारी आहेत. सर्वांच्या तोंडीं एकच शब्द असतो, ‘आमचे पैसे’. पैसे मागण्याचा हक्क आहे, दिवाणी न्यायालय आहे. माणूस अडकविण्याचा हक्क कोणासही नाहीं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें कर्जापोटीं श्रम करून घेण्याची पद्धत बंद केली, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडे दिली. १९८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तर असें ठरविलें कीं किमान वेतनाहून कमी मोबदल्यांत काम करून घेणें हीसुद्धां राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाखालील वेठच होय, कारण भुकेची सक्ति हीही सक्तीच आहे.

हिंसा एकाएकीं भडकत नाहीं. ती आधीं बोलण्यांत, मग हिशेबांत आणि शेवटीं हातांत येते. टोळींतील माणसांस हिशेबाची वही दाखविली जात नाहीं, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो, आधारपत्र वा मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यांत असतो, हीं पहिलीं चिन्हें होत. एखादी बाई पाण्यास एकटी जाण्याचें टाळूं लागली, विशिष्ट ट्रकावर ऊस भरण्यास जावयास कचरूं लागली, अमक्या माणसाचें नांव निघतांच गप्प होऊं लागली, तर तिच्या नवऱ्यानें ‘कामचुकार’ म्हणण्यापूर्वीं कारण विचारावें. आजारी माणसास गांवीं जाऊं न देणें हें फार गंभीर चिन्ह आहे. आणि ‘बघून घेऊं’ ही धमकी. ती दुसऱ्यांदां आली कीं तिची नोंद पोलिसांत झालीच पाहिजे.

धमकीकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें, याचें उदाहरण बीड जिल्ह्यानें फडाबाहेरही पाहिलें आहे. केज तालुक्यांतील मस्साजोग येथें पवनचक्कीच्या प्रकल्पाच्या आवारांत ६ डिसेंबर २०२४ रोजीं पहारेकऱ्यास मारहाण झाली. गांवचे सरपंच संतोष देशमुख मध्यें पडले. आणि ९ डिसेंबरला त्यांचें अपहरण होऊन खून झाला. दोष कोणाचा किती हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. परंतु आवारांतील मारहाण आणि खून यांत तीन दिवसांचें अंतर होतें, ही गोष्ट प्रत्येक कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थापकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा कचेरींतील बायकांपुरता आहे, असा समज शहरांत रूढ आहे. वस्तुतः त्याचा उगमच खेड्यांत आहे. राजस्थानांत बालविवाह थांबविण्याचें काम करणाऱ्या एका ग्रामसेविकेवर १९९२ मध्यें अत्याचार झाला. त्यांतून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट १९९७ मध्यें मार्गदर्शक नियम घालून दिले, आणि २०१३ मध्यें त्यांचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें मालकानें अंतर्गत समिति नेमलीच पाहिजे. त्याहून लहान जागीं, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हां, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावयाचें असतें. तक्रार तीन महिन्यांच्या आंत करावी, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी, असें बंधन आहे. असंघटित कामगार स्त्री या कायद्यांत येते. घरांत धुणींभांडीं करणारी बाईही येते. म्हणजे ज्या घरीं हें वाचलें जात असेल, तें घरही कोणाचें तरी कामाचें ठिकाण आहे.

अडचण कागदावर नाहीं, अंतरावर आहे. प्रकार घडतो सांगलीस, घर असतें धारूरला, आणि टोळी पंधरा दिवसांनीं तिसऱ्याच शिवारांत गेलेली असते. यासाठीं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतील एक तरतूद फार मोलाची आहे. गंभीर गुन्ह्याची फिर्याद, तो कोठेंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यावर नोंदवून घेतली पाहिजे. मग ती योग्य ठाण्याकडे जाते. ‘आमच्या हद्दींत नाहीं’ हें उत्तर आतां कायद्यास धरून नाहीं. तातडीच्या वेळीं ११२ हा पोलिसांचा, आणि १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा क्रमांक आहे. फडावरील एका जरी बाईस हे आंकडे तोंडपाठ असले, तरी सबंध टोळीस आधार होतो.

याहून पुढचें काम मात्र हिंसेची गरजच उरूं न देण्याचें आहे. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढला, हें चांगलें झालें. तथापि वाढलेला दर मुकादमाच्या वहींतच जिरला तर बाईच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. कोयत्याची मजुरी दोघांच्या नांवें निम्मीनिम्मी, बँकेच्या दोन निरनिराळ्या खात्यांत जमा व्हावी. खाडा आजारपणांत धरूं नये, हें करारांतच लिहिलें जावें. कारखान्यांनीं फडाजवळ पाण्याची टांकी व आडोसा द्यावा. ज्या कारखान्याचें गाळप हजारों टनांनीं मोजलें जातें, त्यास हें जड नाहीं. मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें वसतिगृहांची सरकारी योजना २०२१ पासून आहे. मूल गांवीं शाळेंत राहिलें म्हणजे कोपींत एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी तरी मिटते, आणि लहानपणींच तिचें लग्न उरकून नवा कोयता तयार करण्याचा मोह आईबापांस कमी होतो.

ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांस ओळखपत्रें देण्याचें काम ग्रामसेवकांकडे सोंपविलेलें आहे. कोण, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यास गेला, बरोबर किती मुलें गेलीं, एवढें जरी त्या नोंदींत असलें, तरी माणूस हरवला असतां शोधावयाचा कोठें हें कळतें. ही नोंद दसऱ्यापूर्वीं व्हावयास हवी. गाड्या हालल्यावर गांवांत विचारावयास कोणी उरत नाहीं.