समुद्रशैवालांचें तेल

आमच्या कोडोलीस पौषांतील एखाद्या थंड पहांटे खोबरेलाची बाटली उचलावी, तों आंतील तेल पांढरें होऊन गोठून बसलेलें असतें; शेजारचें जवसाचें तेल मात्र खुशाल वाहत असतें. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, हें गृहिणींस सांगावयास नको. समुद्रांतील शैवालें ज्या युक्तीनें जगतात, तिचें मर्म या दोन बाटल्यांतच आहे.

तेलांत मेदाम्लांच्या लांब सांखळ्या असतात. खोबरेलांतील बहुतेक सांखळ्या सरळ. रचलेल्या फाट्यांप्रमाणें त्या एकमेकींस चिकटून बसतात. जवसाच्या तेलांतील सांखळ्या द्विबंधांपाशीं वांकलेल्या असतात, आणि वांकड्या काटक्यांची मोळी घट्ट बसत नाहीं, हें सरपण आणणारी म्हातारीहि सांगेल.

प्रत्येक पेशीभोवतीं असेंच एक स्निग्ध पटल असतें. तें थिजलें तर आंतबाहेरची ने-आण खुंटते. फार पातळ झालें तर गळूं लागतें. आपल्या देहास स्वतःची ऊब आहे, शैवालास ती नाहीं. जसें पाणी, तसें त्याचें अंग. म्हणून पाणी थंडावलें कीं त्याच्या पेशींतील विकरें सरळ सांखळ्यांतून हायड्रोजनाचे अणु काढून घेतात, तेथें द्विबंध पडतो आणि पटल मऊ राहतें. पाणी तापलें कीं हें काम मंदावतें. १९७४ सालीं सिनेन्स्की या शास्त्रज्ञानें आंतड्यांतील एका जंतूंत हा मेळ दाखविला होता. शैवालांसहि तोच न्याय लागू आहे. ध्रुवप्रदेशींच्या बर्फांत शैवालें तग धरतात, त्यांत या युक्तीचा मोठा वांटा आहे.

पांच-सहा द्विबंधांचीं हीं तेलें माशांस मुख्यतः सूक्ष्म शैवालांकडूनच मिळतात. तारलीचा स्निग्धपणा हा असा उसना आहे. आतां समुद्रच तापूं लागला आहे. पश्चिम हिंदी महासागरांत सहा दशकांत सूक्ष्म शैवालें कांहीं भागीं वीस टक्क्यांपर्यंत घटलीं, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. त्याच वर्षीं कॅनडांतील हिक्सन व आर्ट्‌स यांनीं अनुमान काढलें, कीं पाणी अडीच अंशांनीं तापल्यास सहा द्विबंधांच्या तेलाचें उत्पादन चतुर्थांशाहून अधिक घटेल. म्हणजे शैवालें थोडीं, आणि त्यांतलें हें तेलहि थोडें!

शाकाहारी घरास याचें काय, असें कोणी म्हणेल. जवसाच्या चटणींतलें तेल तीन द्विबंधांचें. त्यापासून सहांचें तेल आपलें शरीर अगदींच थोडें घडवितें. त्याकरितां टांक्यांत वाढविलेल्या शैवालांच्या तेलाच्या गोळ्या हल्लीं विकत मिळतात, परंतु त्या महाग पडतात. मालवणच्या गाबिताच्या पोरांस तेंच तेल आजवर तारलीबरोबर ताटांत मिळत आलें आहे.