हिवतापाची कडू गोळी निष्प्रभ का झाली?

पावसाळा सरत आला की इतवारीतल्या दवाखान्यांत थंडी वाजून ताप येणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यातले काहीजण 'घरात पडून होती' म्हणून क्लोरोक्विनची गोळी घेऊनच आलेले असतात. एके काळी हे खपून जात असे. आज ते जिवावर बेतू शकते. असे का, ते पाहू.

हिवतापाचा जंतू तांबड्या रक्तपेशीत शिरून तिथले हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारा 'हीम' हा घटक त्याला विषारी असतो. म्हणून आपल्या पोटातल्या सूक्ष्म पिशवीत तो हीमचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्विन त्या पिशवीत साचते, स्फटिक होऊ देत नाही, आणि जंतू त्या विषानेच मरतो.

पण फॅल्सिपेरम जातीच्या जंतूने यावर तोड काढली. भारतात असा दाद न देणारा जंतू १९७३ मध्ये प्रथम आसामात आढळला. पिशवीच्या आवरणात ४२४ अमिनो आम्लांचे एक प्रथिन असते. ते दारासारखे काम करते. त्यातले ७६ वे अमिनो आम्ल, लायसीन, धनभारित असते. क्लोरोक्विनही धनभारित असल्याने त्याला ते अडवते. तिथे भार नसलेले थ्रिओनिन आले की औषध दारातून बाहेर पडते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी अतिशीत तापमानात काम करणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या प्रथिनाची रचना उलगडली. पीएच.डी.नंतरही तरुण संशोधक अशा एकेका प्रथिनामागे वर्षानुवर्षे खपतात. दाराचा नेमका आकार कळला, तर ते बंद करणारे औषध घडवता येईल, ही त्यामागची आशा.

आपल्याशी याचा संबंध काय? गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तिथे फॅल्सिपेरमही आढळतो. तिकडून कामधंदा, लग्नकार्य किंवा तेंदूपत्त्याची मजुरी करून परतल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती अवश्य द्या. आधी रक्ततपासणी, मग औषध. झटपट चाचणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळतो. फॅल्सिपेरम निघाल्यास आर्टेमिसिनीन गटातील संयुक्त औषधे देतात. व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन अजूनही चालते. मात्र यकृतात दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, गर्भवतींनी तर घेऊच नये. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका.

भान हरपणे, झटके, सतत उलट्या, कावीळ किंवा काळसर लघवी दिसली, तर एक तासही दवडू नका. रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूचा हिवताप दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

आणि घरात उरलेल्या जुन्या गोळ्या? त्या शेजाऱ्याला देऊ नका. जंतू बदलला आहे, आपली सवयही बदलायला हवी.