पाकीट फाडू नका

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या माणसाला घरचे लोक थोडं हसतातच. वापरलेल्या तिकिटांचं करायचं काय, असा त्यांचा सवाल असतो. आज त्याचं उत्तर द्यायचं आहे, आणि जरा घाईनं द्यायचं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते, तारेला टोचलेली पत्रं निघतात आणि किलोच्या भावानं रद्दीत जातात.

आधी थोडा इतिहास. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट म्हणजे ब्रिटनमधलं 'पेनी ब्लॅक', मे १८४० मधलं. बारा वर्षांनी, १ जुलै १८५२ रोजी 'सिंध डाक' निघालं. ते आशियातलं पहिलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. त्यावर तिरंगा, 'जय हिंद' आणि किंमत साडेतीन आणे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं आली. त्यांच्यावर 'बापू' हा शब्द नागरीत आहे आणि उर्दूतही.

मी कवी माणूस, त्यामुळे माझा जीव १९५२ च्या संचावर. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर अशी सहा तिकिटं. तुलसीदास एक आण्याला, गालिब साडेचार आण्यांना. हा फरक टपालाच्या दराचा, थोरवीचा नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं.

सगळ्या देशांची सगळी तिकिटं जमवायला कुणाचंच आयुष्य पुरत नाही. म्हणून एक विषय धरावा. आपलं उपनगर हाही विषय होतो बरं का! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्या घटनेच्या शताब्दीचं तिकीट १९५३ साली निघालं. घाटकोपर-मुलुंडकरांना ही घरचीच गोष्ट. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या अण्णाभाऊ साठ्यांचं तिकीट २००२ साली आलं. अशी दहा-बारा तिकिटं एका पानावर लावली, खाली दोन ओळी लिहिल्या की वस्तीचा इतिहास तयार.

पण खरी गंमत पाकिटात आहे. एकाच छापाची तिकिटं लाखांनी निघतात. पत्ता, तारीख आणि गावाचा शिक्का मिळून एखादंच पाकीट बनतं. त्याचं वय ओळखायला शिका. तिकिटावर आणे असतील, तर ते बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असतील, तर १९५७ ते १९६४ या काळात छापलेलं. पत्त्यात नुसतं 'मुंबई ५८' किंवा 'मुंबई ८०' असेल, तर बहुधा १९७२ च्या आधीचं. त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला आणि अंधेरीचे ५८ व मुलुंडचे ८० हे आकडे ४०० च्या मागे जाऊन बसले.

आमच्या घरी कोकणातून आजोबांचं कार्ड मराठीत यायचं. कुवेतहून मामाचं पत्र उर्दूत, वर पत्ता मात्र इंग्रजीत. एका खोलीत तीन लिप्या! नुसती तिकिटं कापून घेतली असती तर हे काहीच उरलं नसतं.

म्हणून पाकीट अख्खं ठेवा. ते आधीच फाटलं असेल तर तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कापा. साध्या कोमट पाण्यात भिजवा, म्हणजे तिकीट आपोआप सुटतं. रंगीत कागद असेल तर वेगळा भिजवा, रंग उतरतो. मग टिपकागदावर उलटं पसरा आणि वाळल्यावर जाड पुस्तकाखाली ठेवा. अलीकडची काही स्वयंचिकट तिकिटं पाण्यानं सुटत नाहीत. ती कागदासकट राहू द्या. बोटांऐवजी चिमटा वापरा. डिंक कधीच लावू नका.

मुंबईचा पावसाळा हा या छंदाचा मोठा शत्रू. कोऱ्या तिकिटांचा गोंद ओला होऊन ती पानाला चिकटतात, बुरशी धरते. अल्बम ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, उभा ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी टाका. थंडीत हवा कोरडी झाली की पानं उलटून वारा द्या.

आता घरी पत्रं फारशी येत नाहीत. नवी तिकिटं फोर्टातल्या जीपीओच्या फिलाटेलिक ब्युरोत मिळतील. पण जुनं, टपालातून प्रवास केलेलं पाकीट दुकानात मिळालं तरी ते दुसऱ्याच्या घरचं असेल. तेव्हा ट्रंक रिकामी करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. पत्र कुणाचं, कुणाला, कशासाठी, हे विचारून वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा आणि ती चिठ्ठी पाकिटात सरकवा. आतला मजकूर खासगी असेल तर तो घरातच राहू द्या. रद्दीवाला काय, पुढच्या रविवारीही येईल.