बोहारणीचा हिशेब

आमच्या लहानपणी विट्यात गल्लीत बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. आई तिच्यापुढे आपलं गाठोडं कधी एकदम सोडायची नाही. आधी पातेलं उचलायची, टिचकी मारून बघायची, "ह्याला काय घेशील?" विचारायची आणि मग एकेक कपडा बाहेर काढायची. बोहारीणही वस्ताद. "एवढ्यात नाही बसत ताई, वरून एक साडी टाका," हे तिचं ठरलेलं वाक्य.

२०२५ च्या डिसेंबरात जुनी गाडी देऊन नवी घ्यायला आम्ही सांगलीच्या एका शोरूममध्ये गेलो आणि आमच्या ह्यांनी दारातच सगळं गाठोडं सोडलं. "जुनी द्यायचीच आहे, नवी हीच पाहिजे आणि एक तारखेच्या आत पाहिजे." झालं! आता भाव करायला उरलं काय?

पैसे माझे होते. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले, त्यातले. पण टेबलापलीकडचा मुलगा किंमत ह्यांना सांगायचा आणि रंग मला विचारायचा. "सर, ऑन रोड एवढी बसेल. मॅडम, कलर तुम्ही सांगा." हे मान डोलवत होते. मैत्रिणींनो, आमचे हे फार सज्जन आहेत, पण भाव करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. भाजीवालीपाशी मी थांबले की हे चार पावलं पुढे जाऊन उभे राहतात.

शोरूमच्या कागदावर मूळ किंमत होती ६,९०,००० रुपये. त्यावर ११ टक्क्यांनी आरटीओचा कर ७५,९००, विमा ३९,०००, ॲक्सेसरीज २४,५००, हँडलिंग ९,५००, जादा वॉरंटी १४,००० आणि किरकोळ १,१००. एकूण ८,५४,०००. त्यातून सूट २५,०००, एक्स्चेंज बोनस २५,००० आणि आमच्या २०१४ च्या गाडीचे १,४०,००० वजा. वरून भरायचे ६,६४,०००.

"सप्टेंबरपासून आम्ही किंमत किती उतरवलीय बघा," असंही त्याने ऐकवलं. ती त्याने उतरवली नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. ती कपात सरकारची. शोरूमची सूट तिथून पुढे मोजायची.

मी म्हटलं, जुन्या गाडीचे फार कमी धरलेत. आमच्या गॅरेजवाल्याने पावणेदोन लाखांपर्यंत जाईल असं सांगितलं होतं. थोडी ओढाताण झाली, मुलगा आत मॅनेजरकडे दोनदा जाऊन आला आणि हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी १,७०,०००!" हे खूश. मीही क्षणभर खूश. मग नवा कागद नीट वाचला. जुन्या गाडीचे तीस हजार वाढले होते, पण २५,००० ची सूट गायब आणि बोनस २०,००० वर आलेला. वरून भरायचे? ६,६४,०००! एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले होते.

त्या दिवशी बुकिंग न करता उठलो. गाडीत हे गप्प होते.

घरी वही घेऊन बसले. एकेक ओळ वाचत गेले आणि प्रत्येकीपुढे एवढंच लिहिलं, हे घ्यायलाच पाहिजे का? आरटीओचा कर भरायलाच हवा. ॲक्सेसरीजची सक्ती नसते. मला पायपुसणी आणि मडफ्लॅप पुरे होते, चार हजारांत. हँडलिंग म्हणजे गोदामातून गाडी शोरूमला आणायचा खर्च, म्हणे. मग आमचाही एसटीचा खर्च त्यांनी द्यावा! जादा वॉरंटी मात्र मी ठेवली. आम्ही गाडी दहा वर्षं वापरणारी माणसं.

विम्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. विमा शोरूमकडूनच घ्यायचं बंधन नाही. आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. सलग पाच वर्षं क्लेम केला नसेल, तर गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा जो हप्ता असतो, त्यात ५० टक्के सूट मिळते. जुनी गाडी दिल्याचा कागद दाखवून आधीच्या विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, की ती सूट नव्या गाडीला लागते. आमचा पन्नास टक्के जमलेला होता. शोरूममध्ये कुणी त्याचा 'न' उच्चारला नाही. बाहेरून विमा २८,५०० ला मिळाला.

मग कराडला त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडून लेखी भाव आणला. त्यांनी जुन्या गाडीचे १,६५,००० लिहून दिले. तो कागद घेऊन पुन्हा सांगली. ह्या वेळी बोलायचं मी, असं घरीच ठरलं होतं. "तुमची सूट, बोनस कशात किती धरायचं ते तुम्ही ठरवा. मला एकच आकडा सांगा, वरून किती?" असं म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं अवघड असतं हो! ह्यांनी खाकरायला सुरुवात केली, तेव्हा टेबलाखालून पाय दाबला.

शेवटी शोरूमला ५,७०,००० द्यायचे ठरले. विमा धरून ५,९८,५००. म्हणजे ६५,५०० वाचले. त्यातले भाव करून वाचले फक्त २५,०००, जुन्या गाडीचे. बाकीचे ४०,५०० नुसता कागद वाचून.

पण माझा खरा जीव अडकला होता जुन्या गाडीच्या कागदांत. २०१४ मध्ये आम्ही आमची पहिली गाडी अशीच एका डीलरला दिली होती. ह्यांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, डीलर म्हणाला "आम्ही करतो नावावर", आणि आम्ही विसरलो. २०१७ मध्ये ह्यांच्या नावाने अपघाताच्या दाव्याची नोटीस आली. गाडी भलत्याच जिल्ह्यात, चालवणारा अनोळखी, पण आरसी बुकावर नाव ह्यांचंच! दीड वर्ष तारखांना फेऱ्या मारल्या. ह्यांची रात्रीची झोप गेली, रक्तदाबाची गोळी तेव्हा सुरू झाली ती आजही आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की गाडी चार हातांतून गेलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक.

आता १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे. जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात दिल्याचं पोर्टलवर कळवलं, की पुढची जबाबदारी त्या डीलरवर जाते. मी मॅनेजरना म्हटलं, "अधिकारपत्र दाखवा, आणि पोर्टलवर माझ्यासमोर कळवा." ते म्हणाले, "काकू, एवढं कुणी विचारत नाही." म्हटलं, "मी विचारतेय." नोंद होऊन पावतीची प्रिंट हातात येईपर्यंत मी किल्ली पर्समध्येच ठेवली. चहा दोनदा आला.

जुनी गाडी पुढच्या माणसाच्या नावावर झाल्यावर ती पावती मी २०१७ च्या नोटिशीच्याच फायलीत लावली. ह्यांनी फाईल मागून घेतली, चष्मा लावून दोन्ही कागद वाचले आणि कपाटात ठेवून दिली. नवी गाडी पांढरी आहे. रंग मीच सांगितला.