विश्लेषण : समोर एकाच संघाचे तिघे, तरी एकटाच जिंकला! सायकल शर्यतीच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये नेमके काय घडते?

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या 'पुणे ग्रँड टूर'मुळे महाराष्ट्रातल्या अनेकांनी व्यावसायिक सायकल शर्यत पहिल्यांदाच नीट पाहिली. काहींनी रस्त्याच्या कडेला उभे राहून, बाकीच्यांनी मोबाइलवर. ४३७ किलोमीटरची ही शर्यत पाच दिवस चालली. पाहणाऱ्यांना पडलेले प्रश्न मात्र साधे होते. सगळे एकाच घोळक्यात का चालतात? मध्येच दोघे-तिघे पुढे पळाले तर त्यांना लगेच कुणी का पकडत नाही? आणि जिंकणार एकच असेल, तर संघ कशाला हवा?

या प्रश्नांची उत्तरे सर्वात स्पष्ट दिसतात ती एकदिवसीय शर्यतीत. अनेक दिवसांच्या शर्यतीत आज गमावलेली मिनिटे उद्या भरून काढता येतात. एकदिवसीय शर्यतीत उद्या नसतो. दोनशे-अडीचशे किलोमीटरचा सगळा हिशेब शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये मिटतो आणि तिथे पायांइतकेच डोके चालावे लागते.

खरा प्रतिस्पर्धी वारा

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर सोडले की रस्ता घाट चढतो, जंगलाचा पट्टा ओलांडतो आणि मेडशीपासून पुढे सोयाबीन-तुरीच्या मोकळ्या शेतांमधून मालेगावकडे निघतो. या भागात शाळेला सायकलने जाणाऱ्या पोरांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल लावली की पायडल हलके होते. (हा प्रकार जीवघेणा आहे, करू नये.) व्यावसायिक सायकलिंगचे अर्धे शास्त्र एवढ्यात आले.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग ४० वरून ५० वर न्यायचा, फक्त २५ टक्के वाढवायचा, तर हवेसाठी लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून बसणारा मात्र यातला मोठा हिस्सा वाचवतो. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन विद्यापीठाचे बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात दडलेल्या सायकलस्वाराला एकट्याच्या तुलनेत केवळ ५ ते १० टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असे त्यात दिसले.

विदर्भातला शंकरपट पाहणाऱ्याला फरक लगेच कळेल. तिथे जोडी घड्याळाविरुद्ध पळते, कुणी कुणाच्या आडोशाला बसत नाही. सायकल शर्यतीत मात्र पुढे राहणे हा तोटा असतो आणि शेवटच्या रेषेवर पुढे तर यायचेच असते. सगळे डावपेच या विसंगतीतून जन्मतात.

संघ कशासाठी?

तो तोटा कुणीतरी सोसावा म्हणून. मोठ्या एकदिवसीय शर्यतींत एका संघात सात जण असतात. त्यातला एक, फार तर दोन, जिंकण्यासाठी राखलेले. बाकीचे वारा खातात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, नेत्याचे चाक फुटले तर स्वतःचे काढून देतात. या कामकऱ्यांना फ्रेंच भाषेत 'डोमेस्टिक' म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. संबोधन अपमानास्पद वाटेल, पण या पेशात चांगल्या डोमेस्टिकला मान असतो आणि विजेत्याने बक्षिसाची रक्कम सहकाऱ्यांत वाटण्याची जुनी रीत आहे.

शर्यत मोठ्या घोळक्यानेच संपणार असेल, तर काम सरळ असते. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये संघ आपल्या स्प्रिंटरपुढे रांग लावतो. एकेक जण पूर्ण ताकदीने ओढतो आणि दमला की बाजूला होतो. शेवटचा माणूस स्प्रिंटरला रेषेपासून साधारण दोनशे मीटरवर सोडतो. याला 'लीड-आउट' म्हणतात. इथे गणित कमी आणि धक्काबुक्कीची हिंमत जास्त लागते.

खरी गंमत तेव्हा, जेव्हा छोटा गट सुटून पुढे निघतो.

समजा, मेडशीच्या पुढे दहा किलोमीटर…

समजा, अकोल्याहून निघालेली शर्यत घाट चढून वर आली आहे. घाटात मोठा घोळका तुटला आणि चौघे पुढे निसटले. शेवटची रेषा मेडशीच्या पुढे दहा किलोमीटरवर आहे. चौघांपैकी तिघे एका संघाचे, चौथा एकटा. तो तिघांपैकी कुणाहीपेक्षा थोडा जास्त ताकदवान आहे, असेही धरू.

तिघांचा सर्वोत्तम डाव आळीपाळीने हल्ला करण्याचा. पहिला जोर लावून सुटतो. आता त्याला पकडायचे काम एकट्याचेच, कारण मागे उरलेले दोघे आपल्याच सहकाऱ्याचा पाठलाग का करतील? ते एकट्याच्या मागे आडोशाला बसतात. एकट्याने पाठलाग केला नाही तर शर्यत तिथेच गेली. पाठलाग करून पकडले, तर त्याच क्षणी दुसरा सुटतो. मग तिसरा. तिघांपैकी प्रत्येकाला एकदाच पूर्ण जोर लावायचा आहे, एकट्याला मात्र प्रत्येक वेळी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला त्याचे पाय उत्तर देतात.

जून महिन्यातला पश्चिमेचा वारा असेल तर एकट्याची अवस्था आणखी बिकट होईल. रस्ता दक्षिणेकडे जातो, म्हणजे वारा उजव्या अंगाने येणार. अशा वेळी आडोसा पुढच्याच्या मागे नाही, तर तिरका, डाव्या बाजूला मिळतो. तिघांनी उजव्या कडेपासून तिरकी रांग लावून रस्ता भरला, तर चौथ्याला डाव्या कडेवर आडोसाच उरत नाही.

कागदावर उत्तर स्पष्ट आहे, तिघांनी जिंकायला हवे. प्रत्यक्षात दोनदा असे झाले नाही, आणि दोन्ही वेळा ते बेल्जियममध्ये, या खेळाच्या माहेरघरी घडले.

वारेगेम, २ एप्रिल २०२५

'ड्वार्स डोर व्लांडरेन' या शर्यतीत विस्मा-लीज अ बाइक संघाचे वाउट व्हॅन आर्ट, मॅटेओ जॉर्गेन्सन आणि टीस बेनूट असे तिघे पुढे सुटले. त्यांच्यासोबत टिकला फक्त अमेरिकेचा नील्सन पावलेस, ईएफ संघाचा. तो स्प्रिंटर म्हणून ओळखला जात नाही. व्हॅन आर्टने मात्र टूर द फ्रान्समध्ये घोळक्याच्या स्प्रिंट जिंकलेल्या आहेत.

विस्माने इथे आळीपाळीच्या हल्ल्यांचा मार्ग सोडला. जॉर्गेन्सन आणि बेनूट वेग राखत राहिले, व्हॅन आर्टला रेषेपर्यंत सुरक्षित न्यायचे आणि स्प्रिंट त्याने जिंकायची, असा बेत ठरला. अखेरच्या काही मीटरमध्ये पावलेस बाजूने निघून गेला. तो पहिला, व्हॅन आर्ट दुसरा, बेनूट तिसरा, जॉर्गेन्सन चौथा.

बेत अगदीच वेडा नव्हता. संघात उत्तम स्प्रिंटर असताना हल्ले करण्यात एक धोका असतो. हल्ला फसला आणि एकटा नेमका त्याच्यासोबत निघून गेला, तर आपला सर्वोत्तम माणूस मागेच राहतो. शिवाय मागून पाठलाग चालू असताना चौघांनी एकमेकांकडे बघत वेग कमी केला, तर सगळेच पकडले जातात.

तरीही चूक झालीच. लांब, दमवणाऱ्या शर्यतीनंतरची स्प्रिंट ही ताज्या पायांची स्प्रिंट नसते. तिथे वेगवान माणूस नव्हे, कमी दमलेला माणूस जिंकतो. आणि पावलेसला कमी दमू देण्याचे काम विस्मानेच केले. आपण तिघांच्या विरोधात एकटे, तर जास्त काम का करायचे, ही त्याची भूमिका रास्त होती. त्याला दमवण्याचे एकमेव साधन म्हणजे हल्ले, आणि ते वापरलेच गेले नाही.

यामागे माणूसही होता. बरोबर वर्षभरापूर्वी, २७ मार्च २०२४ रोजी, याच शर्यतीत व्हॅन आर्ट भीषण पडला होता. गळपट्टीचे हाड आणि बरगड्या मोडल्या, त्या वसंतातला पुढचा सगळा हंगाम गेला. त्या दिवशी शर्यत जिंकली होती त्याचाच सहकारी जॉर्गेन्सनने. वर्षभराने त्याच रस्त्यावर जिंकण्याची ओढ किती असेल, हे समजण्यासारखे आहे. शर्यतीनंतर त्याने दोष स्वतःवर घेतला; स्प्रिंटचा आग्रह आपलाच होता आणि आपण फक्त स्वतःचा विचार केला, अशी कबुली दिली. २०२३ च्या 'गेंट-वेवेल्गेम'मध्ये हाच व्हॅन आर्ट सहकारी क्रिस्तोफ लापोर्तसोबत रेषेवर पोहोचला होता आणि त्याने विजय लापोर्तला देऊन टाकला होता. त्यामुळे त्याला स्वार्थी म्हणणे जरा घाईचे ठरेल.

हल्ले केले, तरी हरले

दहा वर्षांपूर्वी, २८ फेब्रुवारी २०१५ ला 'ओमलूप हेट न्यूसब्लाड' शर्यतीत क्विक-स्टेप संघाचे टॉम बूनन, निकी टेरप्स्ट्रा आणि स्टीन वांडनबर्ग पुढच्या गटात होते, आणि त्यांच्यासोबत स्काय संघाचा ब्रिटिश इयन स्टॅनर्ड. त्यांनी पुस्तकातला डाव खेळला. बूनन सुटला, स्टॅनर्डने गाठले. टेरप्स्ट्रा सुटला, त्यालाही गाठले. मग स्टॅनर्डनेच उलटा हल्ला केला. त्याला फक्त टेरप्स्ट्रा चिकटू शकला आणि दोघांच्या स्प्रिंटमध्ये स्टॅनर्ड जिंकला.

म्हणजे आळीपाळीचा डाव चुकीचा का? नाही. डाव चालण्यासाठी प्रत्येक हल्ला खरा असावा लागतो, आणि तिघांच्याही पायांत तेवढा दम शिल्लक हवा. तिघे आधीच थकलेले असतील, तर तो तीनास एक असा सामना उरत नाही.

याच संघाने दहा महिन्यांपूर्वी, १३ एप्रिल २०१४ च्या 'पॅरिस-रुबे'त हाच डाव सुंदर खेळला होता. अकरा जणांच्या गटात त्यांचे बूनन, झ्डेनेक स्टिबार आणि टेरप्स्ट्रा होते. सुमारे सहा किलोमीटर उरले असताना टेरप्स्ट्रा सुटला. मागे फॅबियन कॅन्सेलारासारखा दिग्गज होता, पण पाठलाग करायचा म्हणजे बूननला फुकटात ओढत न्यायचे. कुणीच पुढाकार घेतला नाही आणि टेरप्स्ट्रा एकटाच मैदानात शिरला. कॅन्सेलारा तिसरा आला. इतरांची आपापसातली शंका इथे क्विक-स्टेपच्या कामी आली.

आपल्याकडचा घाट

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो आणि शर्यतीचा विजेता पुण्यात ठरतो. दोन्ही बक्षिसे वेगळी असण्याला अर्थ आहे. चढावर वेग कमी, म्हणून आडोशाचा फायदाही कमी, आणि तिथे एकट्याचा दम चालतो. लोणावळ्यापासून पुढे मात्र ६० किलोमीटरहून अधिक रस्ता उरतो. तिथे एकटा राजा आणि मागून आळीपाळीने ओढणारे सहा जण अशी गाठ पडली, तर सहा जणांचे पारडे जड असते. पातूरच्या घाटात सुटून मेडशीपुढे पोहोचणाऱ्यालाही हेच लागू होईल, फक्त त्याला रेषा जवळ मिळेल.

कोण पुढे आहे, हे माहीत तरी हवे

संघांचे व्यवस्थापक मागच्या मोटारीतून कानातल्या रेडिओवर सूचना देत असतात. ऑलिम्पिकमध्ये रेडिओला परवानगी नसते. टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या शर्यतीत ऑस्ट्रियाची एकमेव स्पर्धक, गणितात डॉक्टरेट मिळवलेली अॅना किसेनहोफर सुरुवातीलाच पुढे सुटली. मागे बलाढ्य डच संघाच्या चौघी होत्या. पुढे गेलेल्या सगळ्यांना पकडले, असे त्यांना वाटले. अॅनेमिक व्हॅन व्ल्यूटनने रेषा ओलांडताना विजयाच्या आनंदात हात उंचावले, तेव्हा किसेनहोफर सुवर्णपदक जिंकून मिनिटभर उलटून गेले होते.