पाणबुड्यांचा ध्वज आणि पाण्याखालील छायाचित्रण

पाणबुड्यांचा ध्वज हा पाण्याखाली पाणबुडे असल्याची सूचना पृष्ठभागावरील होड्यांना देणारा ध्वज होय. होडीवरून बुडी मारली जाते तेव्हा तो होडीवर लावलेला असतो. किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून मारलेल्या बुडीत, म्हणजेच किनारी बुडीत, तो बोयावर उभारून पाणबुड्याला स्वतःबरोबर न्यावा लागतो. पाण्याखालील छायाचित्रकाराचे दोन्ही हात आणि लक्ष कॅमेऱ्यात गुंतलेले असते. त्यामुळे ध्वज कसा सांभाळायचा हे त्याला पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवावे लागते. ध्वजाचे संरक्षण त्याच्या आसपासच मिळते. पाणबुड्या दूर गेला, तर ध्वज रिकाम्या जागेची राखण करतो आणि होडीचालकाची दिशाभूल होते.

## ध्वजाचे प्रकार

जगात मुख्यतः दोन ध्वज वापरले जातात. पहिला लाल रंगाचा असून त्यावर काठीकडील वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पांढरा तिरपा पट्टा असतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेन्झेल जेम्स डॉकरी यांनी १९५६ मध्ये तो तयार केला आणि टेड निक्सन यांनी त्याचा प्रसार केला. अमेरिका व कॅनडा येथे तो विशेष प्रचलित आहे.

दुसरा ध्वज म्हणजे आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेतील ‘ए’ अक्षराचा, अर्थात अल्फा ध्वज. काठीकडे पांढरा, पुढे निळा आणि टोकाशी खाच असलेला हा ध्वज ‘माझा पाणबुड्या पाण्याखाली आहे, दूर राहा व मंद गतीने जा’ असे सांगतो. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील २७ व्या नियमानुसार, बुडीच्या कामात गुंतलेल्या ज्या लहान नौकेला विहित दिवे व आकृत्या लावणे शक्य नसते, तिने या ध्वजाची किमान १ मीटर उंचीची ताठ प्रतिकृती लावावयाची असते. अल्फा ध्वज मूलतः नौकेची अवस्था सांगतो, तर लाल-पांढरा ध्वज पाणबुड्याचे ठिकाण दाखवतो. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांत मात्र पाणबुड्यांसाठीही अल्फा ध्वजच वापरतात.

## अंतराचे नियम

किती अंतर राखायचे याचे नियम ठिकाणागणिक बदलतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. खुल्या पाण्यात पाणबुड्याने ध्वजापासून ३०० फुटांच्या (सुमारे ९१ मीटर) आत, तर नदी, खाडीमुख किंवा नौकानयनाच्या मार्गात १०० फुटांच्या (सुमारे ३० मीटर) आत राहण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. होडीचालकानेही ध्वजापासून तेवढेच दूर राहावयाचे असते. त्याहून जवळ यावे लागल्यास, होडी सुकाणूच्या ताब्यात राहील इतक्याच मंद गतीने त्याने जावयाचे असते.

बोयावरील ध्वज किमान १२ × १२ इंच आणि होडीवरील ध्वज किमान २० × २४ इंच असावा लागतो. वारा नसतानाही तो पसरलेला राहावा, यासाठी त्यात तार किंवा तत्सम ताठ आधार बसवतात. पाण्यात कोणी नसताना ध्वज उतरवणे बंधनकारक आहे. रिकामा ध्वज वारंवार दिसू लागला, तर चालक खऱ्या ध्वजाकडेही दुर्लक्ष करू लागतात.

३०० फूट ही कमाल मर्यादा आहे. तेवढे दूर जाणे निर्धोक आहे, असा तिचा अर्थ होत नाही. ताशी ३० सागरी मैल वेगाने येणारी होडी एका सेकंदात सुमारे १५ मीटर जाते, म्हणजे ९१ मीटर अंतर ती सुमारे सहा सेकंदांत कापते. लाटांमध्ये पाणबुड्याचे बुडबुडे होडीवरून दिसणे कठीण असते. पाण्याखाली इंजिनाचा आवाज ऐकू येतो, पण पाण्यात ध्वनीचा वेग हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असल्याने तो कोणत्या दिशेने येत आहे हे मानवी कानाला नीट उमगत नाही. म्हणून छायाचित्रकाराने ध्वजाच्या अगदी निकट राहणे इष्ट असते.

## छायाचित्रकाराची अडचण

लहान जीवांचे छायाचित्र घेताना पाणबुड्या बराच वेळ एकाच जागी स्थिर असतो. पृष्ठभागावरील बोया मात्र स्थिर नसतो. वारा ध्वजाला ढकलतो, प्रवाह बोयाला ओढतो आणि हा ताण दोरीतून खाली येतो. दोरी हातात असेल तर चौकट हलते. दोरी ढिली सोडली तर तिचे वेढे कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यांत, हवेच्या टाकीच्या झडपेत किंवा जोडीदाराच्या साहित्यात अडकतात.

दोरी फार आखूड असल्यास लाटेसरशी हिसका बसतो आणि फार लांब असल्यास ध्वज दूर सरकतो. उदाहरणार्थ, ६ मीटर खोलीवर १० मीटर दोरी सोडली, तर ध्वज पाणबुड्याच्या माथ्यापासून आडव्या अंतराने ८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. प्रवाहात दोरी तिरपी राहत असल्याने ती खोलीपेक्षा थोडी अधिक सोडावी लागते, पण उरलेली दोरी रिळावर गुंडाळून ठेवणे योग्य ठरते.

## सांभाळण्याच्या पद्धती

तळाशी वजन ठेवणे : दोरीच्या टोकाला शिशाचे वजन किंवा लहान नांगर बांधून तो वाळूवर ठेवतात आणि आसपास छायाचित्रे घेतात. दोन्ही हात मोकळे राहत असल्याने एका जागी चालणाऱ्या कामासाठी ही पद्धत सोयीची आहे. वजन प्रवाळ, स्पंज किंवा सागरी गवतावर ठेवू नये. पाणी गढूळ असेल तर दोरी नजरेआड होण्याइतके दूर जाणे टाळावे. पुढच्या विषयाकडे जाताना वजनही सोबत न्यावे लागते. ते मागे राहणे ही या पद्धतीतील सर्वांत सहज घडणारी चूक आहे.

जोडीदाराने ध्वज धरणे : एकाने छायाचित्रे घ्यावीत व दुसऱ्याने रीळ सांभाळून आजूबाजूला लक्ष ठेवावे, मग कामांची अदलाबदल करावी, अशी ही रीत आहे. प्रवाहात सरकत जाताना ती विशेष उपयोगी पडते. मात्र दोघांनीही एकाच ध्वजाजवळ राहणे आवश्यक असते. दोघे वेगवेगळ्या दिशांना जाणार असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र ध्वज लागतो.

दोरी अंगावर अडकवणे : काही जण रीळ पोशाखावरील कडीला अडकवतात. यात हात मोकळे राहतात, पण धोका वाढतो. जाणाऱ्या होडीत दोरी अडकल्यास पाणबुड्या वेगाने वर खेचला जाऊ शकतो. वर येताना दाब कमी होऊन फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. अशा वेळी श्वास रोखला गेला, तर उथळ पाण्यातही फुप्फुसाला गंभीर इजा होते. म्हणून दोरी गाठ मारून बांधू नये. एका हाताने तत्काळ सोडवता येईल अशा चापानेच ती अडकवावी. कॅमेऱ्याला दोरी बांधणेही अयोग्य, कारण प्रत्येक लाटेचा हिसका कॅमेऱ्याला बसतो. दोरी कापण्यासाठी लहान सुरी हाताशी असावी.

## वर येताना

होडीची धडक किंवा पंख्याचा आघात होण्याचा धोका पृष्ठभागाजवळ सर्वाधिक असतो. उथळ बुडीत वर येणे ही किरकोळ बाब वाटते, कारण मिनिटाला ९ मीटर या मंद गतीनेही ६ मीटर अंतर ४० सेकंदांत संपते. यासाठी छायाचित्रण आधी थांबवून कॅमेरा कडीला अडकवावा आणि दोरी गुंडाळत ध्वजाखाली यावे. मग वर पाहत, आवाजाचा कानोसा घेत, दोरीलगत वर यावे. शक्य असल्यास तळालगत पोहत किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यापर्यंत येणे अधिक सुरक्षित असते. तोवर ध्वज उभा ठेवावा व पाण्याबाहेर आल्यावर उतरवावा.

## उदाहरण : ब्लू हेरन पूल

फ्लोरिडातील रिव्हिएरा बीच येथील ब्लू हेरन पूल व त्याखालील फिल फॉस्टर उद्यान हे पाण्याखालील छायाचित्रणासाठी ख्यातनाम असलेले किनारी बुडीचे ठिकाण आहे. लेक वर्थ खाजणातील या जागेची खोली बहुतांशी ६ मीटरच्या आत आहे. समुद्रघोडे, ऑक्टोपस व बेडूकमासा असे जीव येथे आढळतात. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास समुद्राचे स्वच्छ पाणी आत आलेले असते आणि प्रवाहही मंदावतो. म्हणून बुड्या त्याच वेळेभोवती आखतात. ओहोटी सुरू झाली की प्रवाह वाढतो, बोया ओढला जातो आणि ध्वज सांभाळणे अवघड होते.

उद्यानातूनच होड्या पाण्यात सोडल्या जातात व जवळून नौकामार्ग जातो. साहजिकच छायाचित्रकार आणि होड्या एकाच उथळ पाण्यात वावरतात. अशा जागी ध्वज नेमका पाणबुड्याच्या माथ्यावर असणे हाच होडीचालकाला मिळणारा खात्रीचा इशारा असतो.